टोकायची वाइन समजून घेताना: नकाशापासून पेल्यापर्यंत

हंगेरीच्या ईशान्येकडील टोकाय या प्रदेशाचे नाव घेतले की बहुतेकांच्या मनात सोनेरी रंगाची, मधासारखी गोड वाइन येते. ही ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे, आणि तिच्यामुळे नवखा माणूस सहसा उलट्या टोकाने सुरुवात करतो. तो सर्वांत गोड आणि महाग बाटली आधी उघडतो, दोन घोट घेतो आणि ‘फारच गोड’ म्हणून ती बाजूला ठेवतो. टोकायच्या वाइनचा कणा साखर नसून आंबटपणा आहे. तो जिभेला एकदा ओळखू आला की साखरेचे प्रमाण कितीही वाढले तरी वाइन जड वाटत नाही. म्हणून पुढील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, शक्यतो त्याच क्रमाने जावे.

पहिली पायरी: नकाशा समोर ठेवावा

झेम्प्लेन डोंगररांगेच्या दक्षिण आणि आग्नेय उतारांवर हा प्रदेश पसरला असून त्यात २७ गावे व शहरे येतात. त्याची हद्द लक्षात ठेवण्यासाठी तीन टेकड्यांचा त्रिकोण पुरेसा आहे: पश्चिमेला आबाउयसांतो गावाजवळची टेकडी, ईशान्येला शातोरॉल्यउय्हेय शहराजवळची टेकडी आणि दक्षिणेला खुद्द टोकाय गावामागची, पाचशे मीटरांहून थोडी उंच असलेली बोडकी टेकडी. हंगेरियन भाषेत ‘शातोर’ म्हणजे तंबू. दुरून तंबूसारख्या दिसणाऱ्या टेकड्यांवरून ‘शातोरपासून सुरू होतो आणि शातोरपाशी संपतो’ असे या प्रदेशाचे जुने लॅटिन वर्णन रूढ झाले.

नकाशात यानंतर दोन नद्या शोधाव्यात. बोद्रोग ही संथ आणि पाणथळ नदी द्राक्षमळ्यांच्या कडेने वाहत येऊन टोकाय गावाशी तिसा नदीला मिळते. या संगमाशिवाय इथली गोड वाइन संभवतच नाही. ते का, हे चौथ्या पायरीत येईल.

या प्रदेशाची सीमा १७३७ मध्ये राजाज्ञेने निश्चित झाली. पर्यटनपत्रकांमध्ये ‘जगातील पहिला सीमांकित वाइनप्रदेश’ असा दावा आढळतो, पण इटलीतील टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने किआंती या वाइनप्रदेशाची हद्द १७१६ मध्येच आखली होती, त्यामुळे ‘पहिला’ हा शब्द जपून वापरलेला बरा. पुढे १९२० च्या त्रियानों करारानंतर जुन्या प्रदेशाचा एक छोटा तुकडा सीमेपलीकडे, आजच्या स्लोव्हाकियात गेला, आणि तिथेही टोकाय याच नावाने वाइन होते. २००२ मध्ये युनेस्कोने हंगेरीतील हा प्रदेश सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

दुसरी पायरी: पायाखालची जमीन दोन भागांत विभागावी

इथली जमीन ज्वालामुखीजन्य आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून रायोलाइट, अँडेसाइट आणि राखेचा घट्ट झालेला थर, म्हणजे टफ, मागे राहिला. त्यावर झिजेतून तयार झालेल्या चिकट, लालसर मातीला स्थानिक लोक ‘न्यिरोक’ म्हणतात. माड, राटका, ताल्या या गावांभोवती अशीच जमीन जास्त आहे. टोकायच्या टेकडीवर आणि शेजारच्या तार्त्सल गावाच्या काही भागात मात्र वाऱ्याने वाहून आणलेल्या पिवळट, भुसभुशीत लोएस मातीचा जाड थर आहे.

तपशिलात न शिरता एवढे ध्यानात ठेवले तरी चालते की लोएसवरील वाइन लवकर खुलते, सुगंधी आणि मऊ लागते, तर ज्वालामुखी मातीवरील वाइन ताठ, काहीशी खारट छटेची आणि उशिरा उमलणारी असते. याला अपवाद पुष्कळ आहेत. तरीही एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या पण या दोन मातींवरच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या, तर हा फरक नवख्यालाही जाणवतो.

तिसरी पायरी: सहा जातींपैकी दोन नीट ओळखाव्यात

टोकायमध्ये फक्त सहा पांढऱ्या जातींना मान्यता आहे: फुरमिंट, हार्शलेवेल्यू, शारगामुश्कोताय म्हणजे पिवळा मस्कट, क्यॉव्हेरस्योल्यो, झेटा आणि कबार. शेवटच्या दोन जाती विसाव्या शतकातील संकरातून आल्या. झेटा ही फुरमिंट आणि बुव्हिए या दुसऱ्या एका द्राक्षजातीचा, तर कबार ही हार्शलेवेल्यू आणि बुव्हिए यांचा संकर आहे.

लागवडीचा मोठा भाग फुरमिंटचा आहे. ही जात उशिरा पिकते, साखर भरपूर धरते आणि तरीही आंबटपणा सोडत नाही. सफरचंद, नाशपाती, बिही आणि थोडा लिंबाच्या सालीचा वास ही तिची साधारण ओळख आहे. हार्शलेवेल्यू या नावाचा अर्थ ‘लिंडन या झाडाच्या पानाची’. तिच्यात फुलांचा आणि मधाचा सुगंध अधिक असतो, अंग गोलसर असते. बहुतेक गोड वाइनमध्ये फुरमिंट चौकट उभी करते आणि हार्शलेवेल्यू तिच्यात सुगंध भरते. मस्कटचे प्रमाण थोडे असले तरी त्याचा वास लपत नाही.

चौथी पायरी: बुरशीचे गणित समजून घ्यावे

कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला बुरशी म्हटली की धास्ती वाटते, पण टोकायमध्ये एका बुरशीची चातकासारखी वाट पाहिली जाते. तिचे नाव बॉट्रिटिस सिनेरिया. पिकलेल्या मण्याच्या सालीत ती सूक्ष्म छिद्रे पाडते, त्यातून पाणी उडून जाते आणि मणी आक्रसून तपकिरी, सुरकुतलेला होतो. साखर आणि आम्ल दोन्ही दाट होतात, आणि बुरशीच्या स्वतःच्या क्रियेने जर्दाळू, मध, केशर अशा वासांची भर पडते. अशा मण्याला ‘ऑसू’ म्हणतात आणि त्यापासून होणाऱ्या वाइनलाही तेच नाव आहे.

हीच बुरशी ओल सतत राहिली तर करड्या रंगाची कूज होऊन सगळे पीक नासवते. तिला उपकारक करण्यासाठी एकाच दिवसात दोन परस्परविरोधी गोष्टी घडाव्या लागतात: सकाळी दमटपणा आणि दुपारी कोरडे ऊन. शरद ऋतूत बोद्रोग आणि तिसा यांच्या पाण्यावरून सकाळी धुके उठून उतारांवर रेंगाळते, दुपारी ऊन आणि वारा ते पुसून टाकतात. उत्तरेकडील डोंगर थंड वारे अडवतात, त्यामुळे हे चक्र ऑक्टोबरअखेरपर्यंत आणि चांगल्या वर्षी नोव्हेंबरमध्येही चालते. परंपरेने इथली तोडणी २८ ऑक्टोबरला, म्हणजे सायमन आणि ज्यूड या संतांच्या दिवशी सुरू होत असे. इतर बहुतेक वाइनप्रदेशांत तोवर मळे रिकामे झालेले असतात.

या पद्धतीच्या जन्माची एक लाडकी कथा आहे. सतराव्या शतकात सेप्शी लात्स्को माते या धर्मोपदेशकाने तुर्कांच्या स्वारीच्या भीतीने तोडणी लांबवली, मणी वेलीवरच सुकले आणि त्यातून पहिली ऑसू झाली, असे सांगतात. कथा ऐकायला गोड आहे, पण ‘ऑसू’ हा शब्द १५७१ च्या एका मालमत्तेच्या दस्तऐवजात आधीच सापडतो, तेव्हा त्याचे श्रेय एका माणसाला देता येत नाही.

पाचवी पायरी: ऑसू कशी होते हे टप्प्याटप्प्याने पाहावे

एकाच घडात काही मणी निरोगी, काही अर्धवट सुरकुतलेले आणि काही पूर्ण ऑसू असतात. म्हणून मजूर एकाच मळ्यातून अनेकदा फिरतात आणि प्रत्येक वेळी फक्त तयार झालेले मणी एकेक करून वेचतात. एका माणसाची दिवसभराची वेचणी आठ-दहा किलोंच्या पलीकडे क्वचित जाते.

हे मणी मोठ्या भांड्यात साठवले जातात. केवळ स्वतःच्या वजनाने दबून त्यांच्या तळातून जो दाट पाक ठिबकतो, ती एसेन्सिया. तिच्यात लिटरमागे किमान ४५० ग्रॅम साखर असावी लागते. इतक्या साखरेत यीस्टचा जीव गुदमरतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षे अतिशय मंद आंबत राहते आणि तिच्यातील अल्कोहोल बहुधा दोन ते चार टक्क्यांवरच थांबते. तिला वाइन म्हणावे की नाही हा प्रश्नच आहे. ती चमच्याने घेण्याची प्रथा मात्र अगदी योग्य आहे.

उरलेले मणी ताज्या रसात, आंबत असलेल्या रसात किंवा त्याच वर्षीच्या कोऱ्या वाइनमध्ये भिजत घातले जातात. पूर्वी ते पायांनी तुडवून त्यांचा लगदा करत. आता अनेक उत्पादक मणी अखंड ठेवतात, कारण बिया चिरडल्या तर कडवटपणा उतरतो. हे भिजवणे साधारण अर्ध्या दिवसापासून दोन-अडीच दिवसांपर्यंत चालते. रसात भिजवले तर वाइन नाजूक होते, वाइनमध्ये भिजवले तर अल्कोहोल सालीतून अधिक काही ओढून घेते आणि ती भरदार होते. यावर प्रत्येक घराण्याचे ठाम मत असते आणि ते शेजाऱ्याच्या मताच्या विरुद्ध असते.

‘पुत्तोन्योश’ हा आकडा याच टप्प्यातून आला. पुत्तोन्य म्हणजे पाठीवर वाहायची लाकडी डालगी, तिच्यात सुमारे २५ किलो ऑसू मणी मावत. ग्योन्त्स गावच्या पद्धतीचे पिंप १३६ लिटरांचे असे. त्या एका पिंपभर रसात किंवा वाइनमध्ये जितक्या डालग्या ओतल्या, तितक्या पुत्तोन्योशची ती ऑसू. सहा डालग्यांची वाइन म्हणजे एका पिंपासाठी दीडशे किलो सुकलेले मणी, अर्थात वेचणाऱ्या एका माणसाचे पंधराएक दिवसांचे काम. या वाइनच्या किमतीबद्दल तक्रार करण्यापूर्वी हा हिशेब जरूर आठवावा.

भिजवल्यानंतर मिश्रण दाबून रस काढतात आणि तो थंड तळघरात सावकाश आंबवतात. नियमानुसार ऑसूला ओकच्या पिंपात किमान १८ महिने राहावे लागते. ही तळघरे टफ खडकात कोरलेली, बुटकी आणि लांबलचक असून त्यांचे तापमान वर्षभर १० ते १२ अंश सेल्सिअस असते. भिंतींवर काळ्या मखमलीसारखी झास्मिडियम सेलारे ही बुरशी पसरलेली दिसते. ती हवेतील अल्कोहोलच्या वाफेवर जगते. पाहुण्यांना ती अस्वच्छता वाटते, तळघरवाल्यांना ती हवा आणि दमटपणा योग्य असल्याची खूण वाटते.

सहावी पायरी: लेबलवरील शब्द वाचायला शिकावे

‘टोकायी’ म्हणजे ‘टोकायचा’ किंवा ‘टोकायची’. त्यापुढील शब्दावर सगळे अवलंबून असते. ‘सारॉझ’ म्हणजे कोरडी, अर्थात साखर जवळजवळ न उरलेली, आणि ‘एदेश’ म्हणजे गोड. ‘द्यूल्यो’ म्हणजे विशिष्ट मळा. हा शब्द किंवा मळ्याचे नाव असेल तर द्राक्षे त्या एकाच मळ्यातील असतात. माडचे सेंट तामाश, उराग्या, बेत्शेक, न्युलासो, तार्त्सलचे मेझेश माय आणि सॉर्वॉश ही नावे लक्षात ठेवावीत. अठराव्या शतकात इथल्या मळ्यांची प्रतवारी झाली, तेव्हा तार्त्सलचे हे दोन मळे पहिल्या प्रतीच्याही वर धरले गेले होते.

‘समोरोद्नी’ हा शब्द पोलिश व्यापाऱ्यांनी दिला. त्याचा अर्थ ‘जशी उपजली तशी’. यात ऑसू मणी वेगळे काढत नाहीत, निरोगी आणि सुरकुतलेले मणी असलेला अख्खा घडच तोडून दाबतात. म्हणून वर्षाप्रमाणे ती कधी गोड, कधी कोरडी होते. कोरडी समोरोद्नी काही वेळा पिंपात यीस्टच्या पातळ सायीखाली मुरवतात. तेव्हा तिला अक्रोड आणि सुक्या मेव्याचा वास येतो आणि ती शेरी या स्पॅनिश वाइनची आठवण करून देते. माझ्या मते संपूर्ण प्रदेशातील ही सर्वांत उपेक्षित वाइन आहे.

ऑसूच्या लेबलवर आज फक्त पाच किंवा सहा पुत्तोन्योश दिसतात. जुन्या नियमांत तीनला ६०, चारला ९०, पाचला १२० आणि सहाला १५० ग्रॅम प्रतिलिटर अशी किमान साखर होती. २०१३ नंतरच्या नियमांनी ऑसूसाठीच १२० ग्रॅमची किमान मर्यादा घातल्याने तीन आणि चार हे आकडे नव्या बाटल्यांवरून गेले. जुन्या बाटलीवर तीन लिहिलेले दिसले तर ती बनावट समजू नये. आता डालग्या कुणी मोजत नाही, आकडा केवळ गोडीची पातळी सांगतो. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन, जिच्यावर ‘केशोई स्युरेतेलेश’ असे लिहिलेले असते, ती ऑसूपेक्षा हलकी, कमी मुरवलेली आणि स्वस्त असते. सुरुवातीला तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

एक सावधगिरी जुन्या बाटल्यांबाबत. फ्रान्सच्या आल्सास भागातील पिनो ग्री या द्राक्षजातीच्या वाइनवर एके काळी ‘टोके’ असे आणि इटलीतील फ्रिउली भागातील एका वाइनवर ‘तोकाय’ असे लिहिले जाई. या दोन्हींचा हंगेरीतील प्रदेशाशी संबंध नव्हता. २००७ पासून त्या दोन्ही ठिकाणी हे नाव वापरणे बंद झाले.

वर्षही पाहावे. १९९९, २०१३ आणि २०१७ ही ऑसूसाठी नावाजलेली वर्षे आहेत, तर २०१० हे अतिपावसाचे आणि कठीण वर्ष होते. १९९० पूर्वीच्या बाटल्या वेगळ्याच जगातील आहेत. साम्यवादी काळात बहुतेक उत्पादन एका सरकारी संस्थेच्या हाती होते, निरनिराळ्या गावांचा माल एकत्र होई आणि पिंपात हवेशी फार संबंध आल्याने वाइन तपकिरी, टॉफी-अक्रोडाच्या चवीची होत असे. १९९० नंतर परदेशी भांडवल आले, जुनी घराणी पुन्हा उभी राहिली आणि ताज्या फळाची चव जपणारी शैली रुजली. काही जुन्या जाणकारांना ती परकी वाटली. दोन्ही शैली चाखून मगच बाजू घ्यावी. कोरड्या फुरमिंटला आज जी प्रतिष्ठा आहे, तिच्या मुळाशी उत्पादक इश्तवान सेप्शी यांची २००० सालची उराग्या मळ्यातील फुरमिंट आहे, असे बहुतेक जाणकार मानतात.

सातवी पायरी: चाखण्याचा क्रम पाळावा

एका बैठकीसाठी चार बाटल्या पुरेशा आहेत: गावाच्या नावाने विकली जाणारी साधी कोरडी फुरमिंट, एका मळ्याची कोरडी फुरमिंट, गोड समोरोद्नी आणि पाच किंवा सहा पुत्तोन्योशची ऑसू. कोरड्या वाइन १० ते १२ अंशांना, समोरोद्नी आणि ऑसू ११ ते १३ अंशांना द्याव्यात. ऑसू बर्फासारखी गार केली तर तिचा सुगंधच दबतो, आणि खोलीच्या उष्णतेला ठेवली तर साखर पुढे येते.

पहिल्या पेल्यात चव शोधण्याऐवजी फक्त एक गोष्ट पाहावी: घोट गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना किती पाणी सुटते. तो आंबटपणा आहे. तो लक्षात ठेवून पुढचा पेला घ्यावा आणि चौथ्या पेल्यापर्यंत त्याचाच माग काढावा. ऑसूमध्ये तो साखरेखाली दडलेला असतो, पण घोट संपताना पुन्हा वर येतो आणि तोंड स्वच्छ करतो. तो वर आलाच नाही आणि तोंडात चिकटपणा उरला, तर ती वाइन कमी दर्जाची आहे, मग लेबलवर कोणतेही नाव असो. सहा पुत्तोन्योशच्या ६० मिलिलिटर घोटभर वाइनमध्ये किमान नऊ ग्रॅम साखर असते, म्हणून पेला लहान असावा, पण वर निमुळता आणि वास कोंडून ठेवणारा असावा. लिकरच्या अंगठ्याएवढ्या पेल्यात वास घ्यायला जागाच नसते.

सोबत काय असावे? कोरड्या फुरमिंटबरोबर तिसातील मासे, कोंबडी, डुकराचे मांस सहज चालते. ऑसूबरोबर हंगेरीत हंसाचे यकृत देतात. खारट निळे चीज त्याहून सोपे आणि बहुधा अधिक चांगले. अति गोड मिठाई मात्र टाळावी, कारण वाइनपेक्षा गोड पदार्थ समोर आला की वाइन आंबट आणि पोकळ लागते.

आठवी पायरी: साठवण

ऑसूची अर्ध्या लिटरची बाटली आडवी, अंधारात आणि थंड जागी ठेवली तर चांगल्या वर्षाची वाइन काही दशके टिकते. साखर आणि आम्ल दोन्ही तिचे रक्षण करतात. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे सहज राहते. कोरडी फुरमिंट मात्र तीन-चार दिवसांत संपवावी.

नववी पायरी: प्रत्यक्ष जायचे असल्यास

बुडापेस्टहून रेल्वेने टोकाय गाव साधारण अडीच तासांवर आहे. गाव लहान असून पर्यटकांसाठी सजलेले आहे, पण केवळ तिथेच थांबून परत येणे ही चूक ठरेल. माड हे आजच्या महत्त्वाकांक्षी उत्पादकांचे केंद्र आहे. तिथले १७९५ चे सिनेगॉग अवश्य पाहावे, कारण या वाइनच्या व्यापारात ज्यू व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता आणि १९४४ मध्ये त्या समाजाला इथून छळछावण्यांकडे नेण्यात आले. हेर्त्सेगकूटमध्ये उतारावर ओळीने कोरलेली तळघरांची त्रिकोणी दारे, शातोरॉल्यउय्हेय येथील उंग्वारी तळघर आणि शारोशपतक येथील राकोत्सी तळघर हे सारे जागतिक वारशाचा भाग आहे. राकोत्सी घराण्यातील दुसरा फेरेन्त्स याने फ्रान्सच्या चौदाव्या लुईला इथली वाइन भेट पाठवली आणि ‘राजांची वाइन, वाइनांचा राजा’ हे वाक्य तेव्हापासूनचे, असे प्रत्येक मार्गदर्शक सांगेल. ते हसतमुखाने ऐकून घ्यावे.

उत्पादकांकडे आगाऊ वेळ ठरवून जावे. घरगुती तळघरांत मालकच वाइन ओततो आणि तो दिवसभर मळ्यात असतो. बुरशीचे काम डोळ्यांनी पाहायचे असेल तर ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात हा काळ निवडावा आणि पहाटे बोद्रोगच्या काठी जावे. मात्र तोडणीच्या दिवसांत कुणाला बोलायला सवड नसते, हेही ध्यानात ठेवावे. हंगेरीत वाहनचालकाच्या रक्तात अल्कोहोलचा अंशही चालत नाही, तेव्हा गावागावांतून फिरताना चालक निराळा असावा किंवा रेल्वे आणि सायकलचा आधार घ्यावा. आणि जुलैत बाहेर तीस अंश असले तरी तळघरात शिरताना अंगावर स्वेटर असावा, कारण तिथे तासभर उभे राहून हात गारठले की पेल्यातील वाइनही गरज नसताना गार लागते.